ज्याच्या खांद्यावर गिटार, त्याच्याच गळ्यात कॅमेरा

बेळगावात स्वतंत्र, म्हणजे स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडचा कार्यक्रम असला की एक दृश्य ठरलेलं. पहिल्या बँडमधला बेस गिटारवाला आपली गाणी संपवून खाली येतो, गिटार भिंतीला टेकवतो, बॅगेतून कॅमेरा काढतो आणि पुढच्या बँडचे फोटो घ्यायला स्टेजच्या कडेला उकिडवा बसतो. घामही पुसलेला नसतो. रात्री उशिरा घर गाठायचं आणि पहाटे खानापूरकडं लग्नाची ऑर्डर. वाजवणारा आणि फोटो काढणारा एकच कसा, असं बाहेरून आलेले लोक विचारतात. ‘मग दुसरं कोण काढणार की?’ हे आमच्याकडचं उत्तर. मी स्वतः काही वर्षं हेच केलंय. खरं, या उत्तरामागं दोनशे वर्षांची गोष्ट आहे.

१८१८ साली कंपनी सरकारनं बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढं त्याच्या शेजारी छावणी वसली. तिलाच आपण कॅम्प म्हणतो. १८५६ मध्ये सेंट पॉल्स शाळा निघाली. मराठा रेजिमेंटचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून इथं आहे. घाट उतरला की गोवा, त्यामुळं गोव्याकडची ख्रिस्ती कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. १९५३ मध्ये बेळगावचा वेगळा धर्मप्रांतही झाला. एकीकडं पलटणीचा बँड, दुसरीकडं चर्चमधलं व्हायोलिन, ऑर्गन आणि वेगवेगळ्या सुरांत एकत्र गायलेली गाणी. कॅम्पात ज्या मराठी पोरांचं जाणं-येणं होतं, त्यांच्या कानाला हे आवाज परके नव्हते. गिटार आमच्याकडं फक्त टीव्हीतून आली असं कुणी म्हणालं, की मला पटत नाही ते यामुळं.

गल्ल्यांचं संगीत वेगळं होतं आणि ते फार मोठं होतं. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. १८८० मध्ये पुण्यात त्यांनी ‘शाकुंतल’ उभं केलं, १८८२ मध्ये ‘सौभद्र’, आणि त्या पदांमध्ये कर्नाटकी चाली सहज मिसळल्या. मराठी माणूस ज्या गाण्यांना आपलं घरचं गाणं समजतो, त्यांच्यात इथला कानडी सूर मुरलेला आहे. एणगी बाळप्पा हे कानडी रंगभूमीचे गायक नट याच जिल्ह्यातले, १९१४ चा जन्म, शंभरी ओलांडून २०१७ मध्ये गेले. १९२४ साल तर या भागासाठी विलक्षणच म्हणायला हवं. एप्रिलमध्ये सुळेभावीला शिवपुत्र कोमकळीमठ जन्मला, जो पुढं कुमार गंधर्व झाला. डिसेंबरात टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि तिथं अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल यांनी स्वागतगीत गायलं.

हे गाणं पसरलं कसं? रेल्वेनं. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी ही एकच लाइन. मिरजेला तंबोरे घडायचे, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं घर तिथं. धारवाडजवळच्या मनसूरचे गायक मल्लिकार्जुन मनसूर गाणं शिकायला मिरजेला नीलकंठबुवांकडं राहिले. बेळगाव मधलं स्टेशन. दोन्हीकडून येणारं ऐकायचं आणि त्यातलं आपल्याला रुचेल ते ठेवून घ्यायचं, ही सवय इथली जुनी आहे.

कॅमेराही इथं लवकर आला. १८७४ मध्ये जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा पहिला हंगाम केला तो बेळगाव आणि कलादगी या दोन जिल्ह्यांत. त्या अहवालात देवळांची छायाचित्रं आहेत. त्यानंतरच्या शतकात के. बी. कुलकर्णींसारखा चित्रकार या गावात राहिला, शिकवत राहिला. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच शिष्य. टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघात के. बींच्या नावाचं कलादालन आहे, म्हणजे नाटक आणि चित्र एकाच छपराखाली. चेहऱ्यावर उजेड कुठून पडला की माणूस दिसतो, हे इथल्या फोटो स्टुडिओवाल्यांना शिकवायला लागत नसे. मला ज्यांनी फिल्मचा रोल धुवायला शिकवलं, ते आधी चित्रकलेच्या परीक्षेला बसलेले होते.

मग ऑर्केस्ट्राचा काळ आला. गणपतीत, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या आगेमागे, जत्रेत. सुपारी घ्यायची, सिनेमाची गाणी हुबेहूब वाजवायची. या लोकांना नंतरच्या पिढीनं ‘नक्कल करणारे’ म्हणून हिणवलं, ते मला कधीच पटलं नाही. स्पीकर कसे लावायचे, गाण्याच्या मधोमध वीज गेली तर ढोलकीवर कार्यक्रम कसा धरून ठेवायचा, मंडळाच्या अध्यक्षाकडून मानधन कसं काढायचं, हे सगळं आम्हाला त्यांनीच शिकवलं. पहिला अँप्लिफायर भाड्यानं मिळाला तोही त्यांच्याकडूनच.

स्वतःची गाणी वाजवणारे बँड आले ते कॉलेजमुळं. गोगटे इंजिनिअरिंग १९७९ चं, आणि १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावला आलं. वसतिगृहं वाढली, गावोगावची पोरं आली, कॅसेट हातोहात फिरल्या. मुंबईत रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव १९८६ पासून होत होता. अलाहाबादहून १९९३ पासून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचं मासिक निघत होतं. त्याचे जुने अंक पानं सुटेपर्यंत आमच्या खोलीत वाचले गेले. पुण्यात २०१० पासून एनएच-७ वीकेंडर हा स्वतंत्र बँडांचा महोत्सव सुरू झाला. बेळगावहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर, बेंगळुरूही तेवढंच. दोन्हीकडं रात्रीची बस. ड्रमचं सामान डिकीत, गिटार मांडीवर. सकाळी पोचायचं, संध्याकाळी चाळीस मिनिटं वाजवायचं, रात्री परत. तिथल्या लोकांना आम्ही कर्नाटकातले की महाराष्ट्रातले हे कळायचं नाही, आणि त्याचं उत्तर देण्यात साउंडचेकचा, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासण्याचा वेळ जायचा.

भाषेचा प्रश्न इथं टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. या सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दरवर्षी त्याच तारखेला एका घरात कर्नाटकाचा राज्योत्सव, तर शेजारच्या घरात निषेधाचा काळा दिन. अशा गावात बँडनं गायचं कोणत्या भाषेत? आमच्या पिढीनं बरीच वर्षं इंग्रजीत गायलं. नुसत्या हौसेपोटी नव्हे. इंग्रजी आमच्यात कुणाचीच नव्हती, म्हणून तिच्यावरून भांडण होणार नव्हतं. आमचा ड्रमर घरी कानडी बोलायचा, कीबोर्डवाला कोकणी, आम्ही दोघं मराठी. आपापल्या आईच्या भाषेत लिहायला आम्ही घाबरत होतो, हे मी आज मोकळेपणानं सांगतो. आताची पोरं घाबरत नाहीत. एकाच गाण्यात कडवं मराठी आणि धृपद कानडी घेतात, आणि तेही गल्लीत बोलतात त्या मराठीत. हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि फोटो? ते निकडीतून सुरू झाले. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार नाट्यगृहातल्या शास्त्रीय मैफलीला यायचा, हॉटेलच्या मागच्या हॉलमध्ये वाजणाऱ्या बँडला नाही. बाहेरगावी कार्यक्रम मागायचा तर दोन बरे फोटो लागायचे. म्हणून आमच्यातल्याच एकानं कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये ३६ फोटो, आणि वाजवणारे तीन बँड. प्रत्येकाच्या वाट्याला बारा. उजेड इतका कमी की ४०० संवेदनशीलतेचा (आयएसओ) रोल १६०० चा समजून काढायचा आणि धुताना जास्त वेळ ठेवायचा. फोटोत फिल्मचा दाणा मोठा यायचा, सावल्या काळ्या पडायच्या, तरी चेहरा हाती लागायचा. फ्लॅश मारायचा नाही, कारण स्टेजवरच्याचे डोळे दिपतात आणि कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) चुकते. हे वाजवणाऱ्यालाच कळतं.

वाजवणारा चांगला फोटो का काढतो, याचं माझ्याकडं साधं उत्तर आहे. त्याला पुढची मात्रा माहीत असते. गायक गात असतो तोवर माइक तोंड झाकतो. ओळ संपते आणि तो अर्धा इंच मागं येतो, तेव्हा चेहरा मोकळा होतो. ड्रमरचा हात सर्वांत वर असतो तो समेच्या आधीच्या क्षणी. शटर सेकंदाच्या १/६० वर असताना हा क्षण बघून दाबलं तर उशीर झालेला असतो. तो मोजूनच दाबायला लागतो. डिजिटल आलं तेव्हा मोजणी सुटली, ढिगानं फोटो निघाले, आणि एलईडीच्या निळ्या-जांभळ्या झोतात कातडीचा रंगच हरवला. कित्येक जण अजून ते फोटो कृष्णधवल करतात, ते त्यासाठीच.

पैसा मात्र लग्नातूनच येतो. डिसेंबर ते मे ऑर्डरी, करिझ्मा अल्बम (पानावरच फोटो छापलेला), ड्रोनवाला वेगळा. पावसाळ्यात लग्नं थांबतात, तेव्हा सराव आणि रेकॉर्डिंग. आमची बहुतेक गाणी पावसात झाली आहेत, आणि नीट ऐकलं तर काहींच्या मागं पत्र्यावरचा आवाज येतो. कार्यक्रमाचं गणितही नाजूक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहाला स्पीकर बंद, आणि उशीर झाला की शेवटच्या बँडचं गाणं मध्येच तुटतं. सीमेवर वातावरण तापलं की बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या होत्या. अशा वेळी कोल्हापूर-पुण्याचे कार्यक्रमही रद्द होतात. एकदा आम्ही निपाणीपर्यंत जाऊन परत आलो. आयोजकांनी प्रवासाचा खर्चही दिला नाही, आणि त्या रात्री हायवेच्या धाब्यावर चौघांचा काढलेला फोटो हाच त्या दौऱ्याचा एकमेव पुरावा.

असे पुरावे आता बिस्किटांच्या डब्यांत आहेत. बेळगावचा पाऊस चार महिने मुरतो. लेन्सला बुरशी धरते, जुन्या निगेटिव्हना आंबूस वास यायला लागतो. तो वास म्हणजे फिल्मचा पाया कुजायला लागलाय. गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही तिघं रविवारी बसतो. एक जण पट्टी पुसतो, एक जण स्कॅन करतो, तिसरा वहीत लिहितो: कुठला हॉल, कोण वाजवत होतं, कुठलं गाणं. गाणी रेकॉर्ड झालीच नव्हती, त्यामुळं फोटोतल्या डाव्या हाताच्या बोटांवरून कॉर्ड ओळखायची आणि गिटारवर वाजवून बघायची. परवा अशी एक जुनी चाल सापडली. शब्द अजून आठवत नाहीत. ड्रमरला फोन केलाय.