घोळणा फुटला म्हणून रक्त पातळ?

मे महिन्यात नागपुरात घोळणा फुटणं ही काही बातमी नाही. पारा 45 च्या पलीकडे गेला, कोरडी लू सुटली की नाकातलं नाजूक अस्तर सुकून तडकतं आणि रुमाल लाल होतो. यंदा आमच्या शेजारच्या काकांचा फुटला. त्यांनी दोष उन्हाला दिलाच नाही, दिला तो रात्री जेवल्यावर घ्यायच्या पिटुकल्या गोळीला. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून ती त्यांच्या डबीत आहे.

फाटकापाशी उभे राहून म्हणाले, "ताई, चार दिवस झाले, इकोस्प्रिन बंद केली मी. उन्हाळ्यात रक्त आधीच पातळ असते, त्यात पातळ करायची गोळी कायले घ्यायची?"

मी म्हटलं, "काका, आधी डॉक्टरांना फोन लावा. बाकीचं नंतर बोलू." बाकीचं म्हणजे हा लेख. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त बघण्यात गेली, त्यामुळे 'रक्त पातळ करायची गोळी' हे शब्द ऐकले की माझ्या कपाळावर आठी पडते.

ही गोळी, म्हणजे इकोस्प्रिन या नावाने मिळणारं ॲस्पिरिन, रक्त पातळ करतच नाही. रक्ताचा दाटपणा ठरतो तो मुख्यतः त्यात तांबड्या पेशी किती दाटीने आहेत यावर, आणि थोडाफार प्लाझ्मा या रक्ताच्या पातळ भागातल्या प्रथिनांवर. ॲस्पिरिन यातल्या कशालाही हात लावत नाही. राहिला उन्हाळा. घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं, म्हणजे रक्त उलट दाट होतं. इंग्लंडमध्ये कीटिंज आणि सहकाऱ्यांनी माणसांना 41 अंशांच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवून रक्त तपासलं होतं. 1986 मध्ये छापलेल्या त्या निबंधात तांबड्या पेशी वाढल्या, प्लेटलेट वाढल्या, दाटपणाही वाढला, असं नोंदवलं आहे. 41 अंश! आपल्याकडे त्याला एप्रिल म्हणतात.

मग गोळी करते काय? त्यासाठी प्लेटलेटची ओळख करून घ्यावी लागेल.

शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात आणि दोन ओळींत मोकळं होतात. काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढून, लीशमन स्टेन हा रंग लावून, सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या लेन्सखाली धरलं की तांबड्या पेशींच्या गर्दीत जांभळट ठिपके दिसतात, कोणी शाईचं पेन झटकल्यासारखे. मी नवी असताना मला ती रंगाची घाणच वाटली होती. आकार 2 ते 3 मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्याही निम्म्याहून लहान. यांना केंद्रक नसतं. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे हे तुटलेले तुकडे. आयुष्य सात ते दहा दिवस. एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख. केंद्रक नसतं, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे सगळी गंमत त्यावरच आहे.

1882 मध्ये इटलीतल्या तुरीन शहरात ज्युलिओ बित्सोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिनीला इजा करून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तेव्हा त्या जागी सगळ्यात आधी हे ठिपके चिकटताना त्यांना दिसले. तोवर रक्त गोठण्याचं श्रेय दुसऱ्याच पेशींना दिलं जात होतं.

आता माझा आवडता प्रश्न. नदीत गाळ साचतो तो पाणी संथ असेल तिथे. नाग नदीच्या काठी राहणाऱ्याला हे सांगायला नको. मग धमनी जिथे अरुंद झाली आहे, जिथे रक्त सगळ्यात वेगाने धावतं, नेमक्या तिथेच प्लेटलेट कशा चिकटतात? त्या वाहून जायला हव्यात.

थोडं गणित करू. नळीच्या भिंतीलगत रक्ताचे थर एकमेकांवरून किती जोरात घसरतात, हे मोजायचं एक माप आहे. प्रवाह तेवढाच राहिला तर हे माप त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. म्हणजे नळीची रुंदी निम्मी झाली की घासणी दुप्पट नाही, चौपट नाही, आठपट. निरोगी धमनीत हा आकडा सेकंदाला शेकड्यांत ते हजाराच्या आसपास असतो, तर खूप अरुंद झालेल्या जागी दहा हजारांच्याही पुढे जातो. एवढ्या घासणीत प्लेटलेटला भिंत धरायला सेकंदाचा अगदी बारीक तुकडा मिळतो.

इथे एक प्रथिन मदतीला येतं. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 मध्ये ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आजार नोंदवला. त्या आजारात जे प्रथिन कमी पडतं त्याला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ते आहे लांबच लांब साखळीसारखं. संथ रक्तात ती साखळी स्वतःभोवती गुंडाळलेली असते आणि प्लेटलेटला धरायच्या तिच्या जागा आत दडलेल्या असतात. संक्रांतीच्या दिवशी गच्चीवर चक्री धरून उभं राहिलेल्याला पुढचं सांगायची गरज नाही. वारा पडलेला असला की मांजा चक्रीवर गपगुमान बसून असतो. पतंगाला वारा लागला की चक्री गरगर फिरते आणि मांजा सरसर सुटतो. धमनीच्या फाटलेल्या अस्तराखाली कोलॅजन हे भिंतीतलं चिवट प्रथिन उघडं पडलं की या साखळीचं एक टोक तिथे अडकतं, आणि वेगवान रक्त दुसरं टोक खेचू लागतं. जेवढी ओढ जास्त, तेवढी साखळी जास्त उलगडते आणि काच लावलेल्या मांजासारखी येणाऱ्या-जाणाऱ्या प्लेटलेटला पकडते. म्हणजे प्रवाहाचा जोर हा इथे अडथळा नाहीच, तोच कळ दाबतो.

ही व्यवस्था आपल्या भल्यासाठी आहे. धमनी कापली गेली तर रक्त जोरात उडतं, आणि तिथेच बूच सगळ्यात आधी बसायला हवं. एवढा मोकळा मांजा रक्तात कायम सोडणं धोक्याचं, म्हणून शरीराने एक कात्रीही ठेवली आहे. ते एक एन्झाइम आहे, त्याचं नाव इतकं किचकट की मुद्दाम टाळते. साखळी ताणली गेली की तिच्यातली कापायची जागा उघडी पडते आणि कात्री चालते. यातून एक अजब प्रकार होतो. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या काही म्हातार्‍या माणसांना आतड्यातून रक्त जायचं, आणि कारण सापडायचं नाही. एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरने 1958 मध्ये ही जोडी लक्षात आणून दिली. कारण बऱ्याच नंतर कळलं: अरुंद झडपेतून जाताना साखळ्या ताणल्या जातात, कात्री त्यांचे तुकडे करते, आणि आतड्यात गरज पडते तेव्हा लांब मांजा शिल्लकच नसतो. बिघाड झडपेत, रक्तस्राव आतड्यात. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. असो, माझे मिस्टर म्हणतात तसं, मी वाहवत जाते.

साखळीने धरलेली प्लेटलेट आधी भिंतीवर घरंगळते, मग कोलॅजनला घट्ट बसते, आणि जागी होते. गुळगुळीत चकतीला काटे फुटतात. पोटातल्या पुड्या फोडून ती एडीपी नावाचं रसायन बाहेर टाकते. त्याच वेळी थ्रॉम्बॉक्सेन नावाचा दुसरा निरोप ताजा तयार करून सोडते. हा निरोप अर्ध्या मिनिटात निम्मा विरतो, म्हणून तो शेजारपाजारीच पोचतो. तो ऐकून आजूबाजूच्या प्लेटलेट जाग्या होतात, प्रत्येकीच्या अंगावरचे हजारो हुक उघडतात, आणि फायब्रिनोजेन हे प्रथिन एकीचा हात दुसरीच्या हातात देतं. बूच तयार. बोट कापलं असेल तर जीव वाचतो. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटल्यावर हेच घडलं तर झटका येतो. प्लेटलेटला या दोहोंतला फरक कळत नाही.

आता काकांची गोळी. थ्रॉम्बॉक्सेन बनवायला प्लेटलेटकडे एक एन्झाइम असतं. ॲस्पिरिन त्या एन्झाइमच्या मोक्याच्या जागी स्वतःचा एक तुकडा कायमचा चिकटवून देतं, कुलपात काडी मोडून ठेवल्यासारखं. थ्रॉम्बॉक्सेनच्याच नात्यातल्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांची निर्मिती ॲस्पिरिन रोखतं, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. केंद्रक असलेली दुसरी कुठलीही पेशी असती तर तिने केंद्रकाकडून नवं एन्झाइम मागवलं असतं. प्लेटलेटला केंद्रकच नाही! काडी मोडली ती मरेपर्यंत मोडलेलीच. म्हणून ॲस्पिरिन स्वतः रक्तात पंधरा-वीस मिनिटांत निम्मं होतं, पण परिणाम टिकतो प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर. ताप उतरवायला लागते त्याच्या चौथा हिस्सा गोळी, 75 मिलीग्रॅम, रोज घेतली की पुरते, त्याचं रहस्य हे आहे. 1988 मध्ये छापलेल्या आयसिस-2 या चाचणीत 17,187 रुग्ण होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर महिनाभर ॲस्पिरिन घेतलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी झाले.

अँजिओप्लास्टीत धमनी उघडी ठेवणारा स्टेंट बसला की सहसा दुसरी गोळीही येते, क्लोपिडोग्रेल किंवा तिची भावंडं. ती एडीपीचा निरोप ऐकणारा कान बंद करते. धातूची जाळी म्हणजे प्लेटलेटच्या नजरेत परकी भिंत, तिच्यावर अस्तर चढेपर्यंत दोन्ही निरोप तोडलेले बरे. वॉरफरिन हे मात्र वेगळ्याच घराण्यातलं औषध, ते गोठण्याच्या प्रथिनांवर काम करतं, आणि त्याला सारखी रक्ततपासणी लागते. लोक दोघांनाही 'पातळ करायची गोळी' म्हणतात आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावतात.

याचा अर्थ चाळिशी आली की सगळ्यांनी ॲस्पिरिन सुरू करावं असा नाही. झटका न आलेल्या 19 हजारांहून अधिक वृद्धांवरच्या ॲस्प्री चाचणीचे निकाल 2018 मध्ये आले. फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. आणि लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आटवून 'नसा साफ करणारा' काढा व्हॉट्सॲपवर फिरतो, त्याबद्दल इतकंच सांगते: धमनीतला थर हा नळातला गंज नाही, भिंतीच्या आत वाढलेली वस्तू आहे. पोटात गेलेल्या आंबटाने ती विरघळत नाही. डेंग्यूच्या दिवसांत पपईच्या पानांचा रस आणि किवी यांच्यावर लोक उधळतात त्या पैशांबद्दल तर बोलायलाच नको. ताप ओसरल्यावर प्लेटलेट आपल्या आपण वर येतात, श्रेय किवी घेऊन जाते.

काकांचा आणखी एक गैरसमज होता, "सीबीसीत प्लेटलेट नॉर्मल आल्या, म्हणजे ब्लॉकेज नसंल." प्लेटलेटच्या संख्येवरून धमनीचं काहीही कळत नाही. ती संख्यासुद्धा डोळे मिटून घेऊ नये. एका डेंग्यूच्या हंगामात मशीनने 38 हजार दाखवले, आणि पेशंट बाहेर बाकावर तर्री-पोहे खात बसलेला. नातेवाईक ब्लड बँकेला फोन लावत होते. मी काचपट्टी बघितली तर प्लेटलेटचे घोसच्या घोस. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीनला घोस म्हणजे प्लेटलेट वाटतच नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, 2 लाख 10 हजार निघाल्या.

धमनीचा आजार शोधायची सगळ्यात स्वस्त तपासणी मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. अंबाझरीच्या ट्रॅकवर ठरावीक अंतर चाललं की पोटऱ्या भरून येतात, दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तेच, असं होत असेल तर त्याला वय म्हणून सोडू नका. ती स्वस्त तपासणी करून घ्या: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. उत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका पक्की. जुन्या मधुमेहात भिंती कडक होऊन आकडा फसवा येतो, तेवढं डॉक्टर बघतात. अँजिओग्राफीत दिसते ती नळीतल्या पोकळीची सावली. थर किती नाजूक आहे, फुटेल का, हे त्या सावलीत दिसत नाही, आणि बरेच झटके तर निम्म्याहून कमी अडथळा असलेल्या जागीच येतात.

संध्याकाळी काका पुन्हा फाटकापाशी आले. डॉक्टरांनी गोळी आजपासून सुरू करायला आणि नाकात सलाइनचे थेंब टाकायला सांगितलं होतं. चार दिवसांत किती बिघडलं, हे त्यांना हवं होतं. मी हिशेब मांडला: रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, चार दिवसांत चाळीस टक्के अशा आल्या ज्यांनी ॲस्पिरिन पाहिलेलंच नाही.

काका थोडा वेळ बोटं मोजत राहिले. "म्हणजे या चार दिवसांत जन्मलेल्या पोरायले आज एका गोळीत गप करता येते म्हणा!"

"छोटी गोळी आहे काका, दोन-तीन दिवस धरा," मी म्हटलं. "आणि रोज नवी पोरं जन्मतात."