रात्री काही खाल्लं नाही तरी सकाळी शुगर का वाढते?

रात्री आठला जेवण झालं, नंतर तोंडात काही घातलं नाही आणि तरी सकाळी उपाशीपोटी शुगर १५०, मग ही साखर आली कुठून, असं डायबिटीस असलेले बरेच जण विचारतात. ती येते लिव्हरमधून.

मोठ्या माणसाच्या अख्ख्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज असतं, चमचाभरच, आणि मेंदू झोपेतही ते वापरत असतो, म्हणून लिव्हर रात्रभर साठ्यातलं ग्लुकोज थोडं थोडं रक्तात सोडतं, शिवाय नवीनही बनवतं. त्याला आवर घालतं इन्सुलिन. जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत ओढतात हे बहुतेकांना माहीत असतं, पण लिव्हरला "आता पुरे" सांगायचं काम माझ्या मते तितकंच मोठं आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींतून निघालेलं इन्सुलिन आधी लिव्हरलाच पोचतं, उरलेलं बाकी शरीराला.

टाइप १ डायबिटीसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या बीटा पेशी मारून टाकते. मग लिव्हरला थांबवणारं कुणी नाही, चरबीही भराभर वितळते, तिच्यापासून कीटोन बनतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि जिवावर बेततं. म्हणून ताप आला, जेवण जात नाही, तरी टाइप १ वाल्यांनी इन्सुलिन मनाने बंद करू नये, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय. १९२२ च्या आधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, त्याने दिवस थोडे वाढायचे, बस. त्या वर्षी जानेवारीत टोरंटोमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन दिलं, पहिलं इंजेक्शन पुरेसं शुद्ध नव्हतं, पण १२ दिवसांनी दिलेल्या सुधारित औषधाने त्याची शुगर खरंच उतरली.

टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं पण लिव्हर आणि स्नायू त्याला नीट दाद देत नाहीत, बीटा पेशी जास्त इन्सुलिन बनवून कित्येक वर्षं निभावून नेतात, रिपोर्ट नॉर्मल येत राहतो, आणि त्या थकल्या की उपाशीपोटीची शुगर १२६ किंवा त्याच्या वर, म्हणजे डायबिटीसच्या पातळीत, जाते. मेटफॉर्मिन ही टाइप २ ची नेहमीची गोळी मुख्यतः लिव्हरमधून येणारं ग्लुकोजच कमी करतं. त्यामुळे सकाळचा आकडा बघून रात्रीचं जेवण बंद करू नका, इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर झोपेत शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, औषध बदलायचं का ते डॉक्टरांना विचारा.