कोकणातील महिला बचत गट : उद्योग प्रशिक्षण आणि बाजारपेठ

ग्रामीण स्त्रियांचे बचत गट, त्यांचे ग्रामसंघ व प्रभागसंघ आणि स्त्रियांच्या सहकारी संस्था यांना धंद्याचे शिक्षण, खेळते भांडवल आणि मालाला गिऱ्हाईक मिळवून देण्याचे काम. हे काम महाराष्ट्रभर चालते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मात्र त्याची घडण वेगळी आहे. इथला माल बहुतांशी झाडावरचा आणि खाडीतला, हंगाम काही आठवड्यांचा, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक मुंबईत राहणारे.

घरातला कर्ता पुरुष मुंबईला आणि भातशेती, गुरेढोरे, म्हातारीकोतारी माणसे बाईच्या अंगावर, ही कोकणातली रीत गिरण्यांच्या काळापासूनची. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रियांची नोंद झाली, त्यामागे हेच स्थलांतर आहे. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर वर्षाचा मेळ बसायचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक घरांतला हा ओघ आटला आणि गावातच चार पैसे उभे करण्याची गरज वाढली. भिशी आणि महिला मंडळे आधीपासून होतीच. आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ, तिरफळ, सुकी मासळी पिशवीत भरून चाकरमान्याबरोबर पाठवायची सवयही होती. हाच माल विकता येतो, हे हळूहळू ध्यानात आले.

संस्थात्मक पाठबळ टप्प्याटप्प्याने आले. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. १९९९ मध्ये स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना आली. २०११ मध्ये तिची जागा राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने घेतली आणि महाराष्ट्रात ते ‘उमेद’ या नावाने ओळखले जाऊ लागले. गटाने पाळायची पंचसूत्री सर्वत्र सारखी: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लिखाण. गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी वरची बांधणी. माविमच्या रचनेत हे काम लोकसंचालित साधन केंद्रे पाहतात.

गट आणि सहकारी संस्था यांत फरक आहे. दहा ते वीस बायकांचा गट बँकेत खाते काढू शकतो, कर्ज घेऊ शकतो, माल विकू शकतो. पण सहसा तो कायद्याने नोंदलेली संस्था नसतो. सहकारी संस्थेची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होते. तिला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात, निवडणूक लागते, दरवर्षी लेखापरीक्षण लागते. मोठा खरेदीदार करार करतो तो अशाच संस्थेशी किंवा उत्पादकांनी मिळून काढलेल्या कंपनीशी. वेंगुर्ल्यात काथ्याचे काम करणाऱ्या स्त्रियांची औद्योगिक सहकारी संस्था आहे. नारळाच्या सोडणापासून दोर, पायपुसणी आणि शोभेच्या वस्तू करायच्या तर यंत्रे व जागा सामाईक लागते, म्हणून तिथे हा साचा योग्य ठरतो. पापड लाटणाऱ्या बारा जणींच्या गटावर पहिल्याच वर्षी संस्था नोंदवण्याचा आग्रह धरणे मात्र चुकीचे आहे. कागद सांभाळण्यात त्यांची शक्ती संपते आणि पापड बाजूला राहतात.

मालाची यादी मोठी आहे: आंबापोळी, फणसाचे तळलेले गरे, काजूगर, नाचणीचे पदार्थ, मालवणी मसाला, मोदकाचे पीठ, पेणचे पापड, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. पण प्रशिक्षण कशासाठी हवे, हे सर्वांत चांगले कळते ते कोकमावरून.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये पिकतात आणि पाऊस लागायच्या आत सगळे उरकावे लागते. फळ फोडून साले वेगळी करतात. गर आणि बिया पातेल्यात घेऊन मीठ घालतात, त्याला रस सुटतो. त्या रसात साले बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. असे चार-पाच वेळा केले की काळसर लाल, मऊ आमसूल तयार होते. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, सालांत साखर मुरवून केलेले ते सरबत, आणि सुकवलेल्या बियांतून निघते ते मुठेल, जे भेगा पडलेल्या टाचांना लावतात आणि सौंदर्यप्रसाधनांतही वापरतात. एकाच फळापासून चार वस्तू होतात. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

आमसूल कसे करायचे हे कुणी शिकवायची गरज नाही. ते सासूकडून सुनेकडे आलेले आहे. शिकायचे असते ते वेगळेच. घरच्या बरणीतले सरबत चार महिन्यांत संपते. दुकानात ठेवलेली बाटली त्याहून जास्त काळ राहते, आणि साखर कमी पडली असेल तर आंबते, फुगते, एखाद्या वेळी झाकणही उडते. फळांच्या सिरपमध्ये विद्राव्य, म्हणजे विरघळलेले, घन पदार्थ (मुख्यतः साखर) किमान ६५ टक्के असावे लागतात. ते हाताच्या अंदाजाने कळत नाही, त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचे छोटे उपकरण लागते. काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. जिने पन्नास वर्षे हाताच्या अंदाजाने सरबत केले तिलाही हा आकडा एकदा दिसला की नंतरची प्रत्येक खेप सारखी उतरते, आणि दुकानदार विश्वास ठेवतो तो या सारखेपणावरच. फळप्रक्रियेचे असे शिक्षण दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून आणि त्याच्या केंद्रांतून मिळते. हे विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. काजू व आंब्यावर काम करणारे वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र त्याचाच भाग आहे.

दुसरे शिक्षण पॅकिंगचे. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की पापड, गरे, पीठ काहीही उघडे राहिले की सादळते. साध्या प्लास्टिक पिशवीत भरून मेणबत्तीने तोंड चिकटवलेला माल मे महिन्यात खपतो, पण गणपतीत परत येतो. जाड थराची पिशवी, नीट चालणारे सीलिंग यंत्र आणि पावसाळ्यात वाळवणासाठी सोलर ड्रायर, हा खर्च गटाला आधी उगाच वाटतो. एकदा माल परत आला की वाटत नाही. लेबलावर नाव, घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, किंमत, पत्ता, शाकाहारी चिन्ह आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हवा. हे नसेल तर शहरातले दुकान माल ठेवून घेत नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे शिक्षण भावाचे. समजा, पाच जणींनी दोन दिवसांत सरबताच्या शंभर बाटल्या केल्या. रातांबे, साखर, बाटली, झाकण, लेबल, गॅस धरून बाटलीमागे ५५ रुपये पडले. गट ९० रुपयांना विकतो आणि ३५ रुपये सुटले असे धरतो. आता पाच जणींची दोन दिवसांची मजुरी, रोज ३०० रुपयांप्रमाणे, ३,००० रुपये होते. म्हणजे बाटलीमागे ३० रुपये. सुटतात ते पाच रुपये. हीच बाटली दुकानात ठेवायची आणि दुकानदाराला तीस टक्के द्यायचे, तर १३० रुपये छापील किमतीवर गटाच्या हाती ९१ येतात, आणि त्यातून अजून वाहतूक जायची आहे. स्वतःची मजुरी हिशेबात धरायची नाही, ही बायकांना लहानपणापासून लागलेली सवय आहे. घरच्या कामाला कुणी मोल दिलेले नसते, म्हणून बाटलीतल्या कामालाही त्या मोल लावत नाहीत. ही सवय मोडणे हा प्रशिक्षणाचा गाभा. भाव दुकानाच्या टोकाकडून मागे मोजत यायचा असतो. ज्या प्रशिक्षणात हा हिशेब पाटीवर प्रत्येकीने स्वतः करून पाहिलेला नाही, ते प्रशिक्षण अपुरेच म्हणायला हवे.

जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था चालवते आणि तिथे विनामूल्य निवासी वर्ग होतात. निवासी वर्गाची कोकणातली अडचण उघड आहे: घरी गुरे असलेली बाई दहा दिवस बाहेर राहू शकत नाही. गावात, दुपारी दोन ते पाच, खळ्यात किंवा अंगणवाडीत भरणारा वर्ग तिला जमतो. उमेदने गावातूनच तयार केलेल्या समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे गटांना शिकवणाऱ्या गावच्याच स्त्रिया, तसेच बँक सखी, कृषी सखी, पशुसखी यांचा उपयोग इथे होतो. त्यांची भाषा मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी असते आणि त्या पुढच्या आठवड्यातही भेटतात.

काजूचे गणित वेगळे. ओले काजूगर मार्च-एप्रिलमध्ये चढ्या भावाने जातात. वाळलेल्या बियांवर प्रक्रिया वर्षभर करता येते. बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर ओव्हनमध्ये सुकवून साल काढायची, मग आकाराप्रमाणे प्रतवारी. सुमारे चार किलो बियांतून एक किलो गर निघतो. टरफलातले तेल हाताची कातडी जाळते. फोडणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावतात, आणि हातमोजे घातले की कामाचा वेग जातो म्हणून ते बाजूला पडतात. खरी अडचण भांडवलाची. बी स्वस्त असते ती हंगामात. तेव्हा हाती रोख असेल तर वर्षाचा साठा होतो, नाहीतर तीच बी नंतर व्यापाऱ्याकडून चढ्या दराने घ्यावी लागते. बँकेचे कर्ज जूनमध्ये मंजूर झाले तर गटाला त्या वर्षी त्याचा उपयोग नाही. कोकमाचेही तेच. कोकणातल्या गटांचे कर्ज फेब्रुवारीअखेर हाती पडले पाहिजे, ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रांसाठी ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सभासदामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद झाली. हे बीज भांडवल खेळत्या भांडवलासाठी वापरता येते, म्हणून हंगामी मालाला ते विशेष उपयोगी.

विक्रीचे दोन मोठे मोसम आहेत. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक येतात, भाद्रपदात गणपतीला पुन्हा सगळे गाव भरते. गणपतीआधीच्या पंधरा दिवसांत मोदकाचे पीठ, ओल्या नारळाच्या वड्या, आगळ यांना जी मागणी असते ती वर्षभरात पुन्हा येत नाही. एरवी आठवडा बाजार, महामार्गावरचे स्टॉल, कोकण रेल्वेची स्थानके आणि मुंबईतली कोकणी मंडळे हे मार्ग. मुंबईत भरणारे ‘महालक्ष्मी सरस’ हे राज्यातील गटांचे मोठे प्रदर्शन. तिथे जेवणाच्या दालनात मालवणी थाळीपुढे रांग लागते. प्रदर्शनाने धीट होता येते, गिऱ्हाईक समोर येते, रोकड हाती पडते. पण प्रदर्शन संपले की ते गिऱ्हाईकही जाते. चांगले गट तिथे फोन क्रमांकांची वही ठेवतात आणि नंतर व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन एसटीच्या किंवा खासगी बसच्या पार्सलने माल पाठवतात. जाहिरात झालेल्या संकेतस्थळांपेक्षा हा मार्ग कोकणात अधिक चालतो, कारण घेणारा बहुधा ओळखीतला किंवा ओळखीच्याच्या ओळखीतला असतो. मुंबईतील एखादी सोसायटी किंवा किराणा दुकान दर महिन्याला ठरावीक माल घेऊ लागले, तर ते एका मोठ्या प्रदर्शनापेक्षा मोलाचे.

खाडीकाठी माल न विकता सेवा विकणारे गटही उभे राहिले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवनाची, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीची, सफर सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि राज्याचा कांदळवन कक्ष यांचे साहाय्य त्यांना मिळाले. मच्छीमार कुटुंबांतल्या या स्त्रिया होडीतून पर्यटकांना नेतात, तिवराच्या जाती, पक्षी, खेकडे ओळखून दाखवतात. ज्या खाडीत त्यांचे घर पिढ्यान्‌पिढ्या मासे पकडत आले, तिच्याविषयी सांगायला त्यांच्याइतका अधिकारी माणूस दुसरा नाही. कांदळवन प्रतिष्ठानच्या उपजीविका योजनेतून खेकडापालन, कालवे, पिंजऱ्यातले जिताडा माशाचे पालन, शोभिवंत मासे अशी कामे किनाऱ्यावरच्या गटांनी हाती घेतली आहेत. यांत पिलांचा पुरवठा आणि वादळ हे दोन धोके कायमचे. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या वादळांनी नारळ, सुपारी, आंबा, काजूच्या बागा पाडल्या, आणि या बागांच्या मालावर चालणाऱ्या गटांचा कच्चा मालही त्याबरोबर गेला.

सर्वांत अवघड प्रश्न जमिनीचा आहे. रातांब्याचे झाड, काजूची बाग, शेड बांधायची जागा हे सारे सातबाऱ्यावर सासऱ्याच्या, नाहीतर वीस-पंचवीस सामायिक हिस्सेदारांच्या नावाने असते. त्यातले निम्मे मुंबईत, काही हयात नसलेले, वारसनोंद झालेली नाही. यंत्रासाठी कर्ज मागायला गेलेल्या गटाकडे जागेचा पुरावा आणि संमतीपत्रे मागितली जातात आणि ती गोळा करता करता हंगाम जातो. काही गटांनी यावर वाट काढली आहे: ग्रामपंचायतीची रिकामी इमारत भाडेकराराने घेणे, किंवा प्रभागसंघाच्या नावे एक सामाईक प्रक्रिया केंद्र उभारून पाच-सहा गावांच्या गटांनी ते वार ठरवून वापरणे. वीजजोडणी, पाण्याची सोय आणि अन्नसुरक्षा नोंदणी तिथे एकदाच करावी लागते, आणि मे महिन्यात रात्रीच्या पाळीतही रातांबे फोडता येतात.