ईसीजी नॉर्मल आल्यानंतर

छातीत एकाएकी धडधड सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरेनासा होतो आणि आता आपले काही खरे नाही, अशी खात्रीच पटते. रुग्णालयात धाव घ्यावी तर ईसीजी नॉर्मल येतो आणि रक्ताचे अहवालही ठीक निघतात. असे दोन-तीन वेळा झाले की फिजिशियन सांगतात, ‘हृदयाला काही झालेले नाही, एकदा मानसशास्त्रज्ञांना भेटून या.’ हे ऐकून अनेकांना दिलासा वाटण्याऐवजी वाईटच वाटते, कारण आपला त्रास खोटा ठरवला गेला, असा त्याचा अर्थ घेतला जातो. वास्तविक पॅनिक अटॅकमधली, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यातली, धडधड अगदी खरी असते, आणि मानसोपचाराला चांगला प्रतिसाद देणाऱ्या विकारांत हा विकार मोडतो. तरीही डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवून लोक महिनोन्‌महिने थांबतात. मानसशास्त्रज्ञांच्या खोलीत नेमके काय घडते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून हाच त्रास उदाहरणादाखल घेऊन ते इथे सांगत आहे.

मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि ते औषधे देतात. मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. त्यांचे काम संभाषण, निरीक्षण आणि सराव यांतून चालते. चिकित्सालयीन (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तेव्हा वेळ ठरवतानाच शिक्षण, नोंदणी, शुल्क आणि ठरलेली वेळ रद्द केल्यास पैसे द्यावे लागतात का, हे फोनवर विचारून घेण्यात काहीही गैर नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी फार वेगवेगळ्या तयारीच्या माणसांच्या दारावर दिसते, त्यामुळे आपल्याकडे तर हे विचारायलाच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते आणि त्यात उपचारापेक्षा विचारपूस अधिक असते. पहिला झटका कधी आणि कुठे आला, त्या वेळी मनात नेमके काय आले, त्यानंतर कोणत्या जागा टाळायला सुरुवात झाली, झोप कशी लागते, चहा-कॉफी, मद्य आणि चालू औषधे किती, घरातले वातावरण कसे आहे, अशी सगळी चौकशी होते. थायरॉइडची तपासणी झाली आहे का, हेही विचारले जाते, कारण ही ग्रंथी जास्त काम करू लागली की अशीच धडधड होते. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हा प्रश्न तर अगदी थेट येतो. तो ऐकून दचकू नये. विचारल्यामुळे असा विचार मनात रुजत नाही, हे संशोधनातून दिसून आलेले आहे. (भेटीची वाट पाहण्याइतकाही धीर धरवत नसेल, तर टेली-मानस ही शासनाची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते.) बहुधा एखादी प्रश्नावलीही भरायला मिळते. चिंतेसाठी वापरल्या जाणाऱ्या जीएडी-७ मध्ये सात प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती वेळा झाला, यावर ० ते ३ असे गुण द्यायचे असतात. तापाचा तक्ता ठेवावा तशी ही नोंद ठेवली जाते आणि काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून फरक पाहिला जातो.

आपल्याकडे पहिल्या भेटीला सोबत बहुधा कोणीतरी असतेच. आई, नवरा, कधी थोरला भाऊ. त्याला हरकत नसते, पण थोड्या वेळाने मानसशास्त्रज्ञ त्यांना बाहेर बसायची विनंती करतात, आणि शुल्क कोणीही भरलेले असो, प्रौढ व्यक्तीने आत सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीशिवाय बाहेर जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हा हक्क दिला आहे. त्याला मर्यादाही आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल तर, आणि अल्पवयीन मुलावरील लैंगिक अत्याचार समजला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार, माहिती द्यावी लागते. चांगले मानसशास्त्रज्ञ या मर्यादा सुरुवातीलाच सांगतात.

दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापासून खरे काम सुरू होते. पॅनिकसाठी बहुधा सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणारी पद्धत वापरली जाते. (तिच्याच कुळातली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या ओळखीची आहे.) ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेले चक्र कागदावर काढले जाते. शरीरात एखादी साधी संवेदना होते, ती संकटाची खूण समजली जाते, भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढते, त्याने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड पहिल्या शंकेचा पुरावा ठरते. हे चक्र स्वतःच्या शब्दांत भरायचे असते: ‘स्वारगेटची बस, गर्दी, घाम, मग वाटले, इथेच कोसळणार.’

त्यानंतर येणारा भाग मला या उपचारातला सर्वांत सुंदर वाटतो. दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा गरोदरपण नाही याची खात्री करून, खुर्चीत बसल्या बसल्या एक मिनिटभर भराभर आणि खोल श्वास घ्यायला सांगितले जाते. थोड्याच वेळात डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिरपणा जाणवतो. ‘हे ओळखीचे वाटते का?’ असे समोरून शांतपणे विचारले जाते. वेगवान श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो, त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचन पावतात आणि गरगरल्यासारखे होते. ज्या लक्षणांना आजवर मरणाची चाहूल मानले, ती आपणच सुरू केली आणि काही न करता ती ओसरलीही, हा अनुभव तासाभराच्या समजावणीपेक्षा खोलवर पोचतो. पुढे हाच सराव घरी करायचा असतो: जिने भरभर चढणे, जागेवर गोल फिरणे, मग टाळलेल्या बसचा एक थांबा, मग तीन. खिशातली गोळी, दाराजवळची सीट, सतत नाडी पाहणे हे आधारही हळूहळू सोडायचे असतात, कारण प्रवास निभावला तरी श्रेय त्या गोळीला जाते आणि भीती होती तिथेच राहते.

हे सगळे खरोखर उपयोगी पडते का, हा प्रश्न रास्त आहे. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९५२ मध्ये मानसोपचाराच्या परिणामकारकतेवरच शंका घेतली होती. मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळली. पॅनिकसाठी ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वे एकूण ७ ते १४ तासांची सीबीटी सुचवतात. वर्षानुवर्षांचे हे काम असते, हा समज या विकारापुरता तरी चुकीचा आहे.

मात्र हे तास सरळ रेषेत जात नाहीत. टाळलेल्या गोष्टींना पुन्हा सामोरे जाताना त्रास काही काळ वाढल्यासारखा वाटतो, आणि नेमके याच टप्प्यावर पुष्कळ लोक येणे बंद करतात. हे मनात न ठेवता सत्रात बोलावे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन घटक सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, ते कसे गाठायचे याबद्दल एकमत, आणि परस्परांवरचा विश्वास. हे नाते जमले की परिणाम चांगला मिळतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. तीन-चार सत्रांनंतरही ते जमले नाही, तर तसे सांगून दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे जाणे योग्यच आहे, त्यात संकोच वाटून घेऊ नये.

शेवटची सत्रे पंधरवड्याने आणि मग महिन्याने ठेवली जातात. त्यांत एक पान लिहायचे असते: झटका पुन्हा आला तर तो मला कसा ओळखू येईल, मी काय करीन, काय टाळणार नाही आणि कोणत्या टप्प्यावर पुन्हा फोन करीन. हे पान ज्याचे त्याने आपल्या अक्षरात लिहायचे असते.