इंजिन उघडले कोणी, सिद्ध करायचे कोणी: वॉरंटीच्या वादामागचा इतिहास

मोटारीचे इंजिन वॉरंटीच्या मुदतीत बिघडते, डीलरच्या वर्कशॉपमध्ये ते खोलले जाते, दुरुस्त म्हणून ताब्यात मिळालेली गाडी काही दिवसांतच पुन्हा तापू लागते, आणि दुसऱ्या खेपेस मात्र ‘वापरातील निष्काळजीपणा’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारली जाते. वरवर पाहता हा बिलाचा वाद दिसतो. मुळात तो पुराव्याचा आहे. बंद इंजिनाच्या आत काय झाले हे ते उघडणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि सिद्ध करण्याचे ओझे बहुधा ज्याने आत कधी डोकावलेच नाही त्याच्यावर पडते. आपल्याकडच्या कायद्याचा या विषयातला प्रवास हे ओझे थोडे थोडे हलवण्याचाच आहे, आणि तो अजून पुरा झालेला नाही.

सुरुवात १९३०च्या मालविक्री कायद्यापासून करावी लागते. माल पारखून घेणे ही खरेदीदाराची जबाबदारी, हे या कायद्याचे मूळ गृहीत होते. कलम १६ने त्याला काही अपवाद जोडले आणि कलम ५९ने हमीचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मागण्याची वाट ठेवली. परंतु ती वाट दिवाणी न्यायालयातून जात होती, शिवाय कलम ६२प्रमाणे कायद्याने गृहीत धरलेल्या हमी करारातील एखाद्या ओळीने वगळताही येत होत्या. मोटारकंपन्यांच्या वॉरंटी पुस्तिकेतील ‘या हमीखेरीज अन्य कोणतीही हमी नाही’ या धर्तीचे वाक्य उगवले ते याच मोकळिकीतून.

परवाना राजवटीत हा प्रश्न फारसा पुढे आलाच नाही, कारण गाडी मिळणे हेच नशीब समजले जाई. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी असो की हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर, नंबर लावून वर्षानुवर्षे थांबलेला ग्राहक कंपनीशी भांडण्यापेक्षा ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे गाडी नेणे पसंत करी. त्या इंजिनात काय चालले आहे हे तो मिस्त्री कानाने ओळखत असे आणि मालकाच्या देखत हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उतरवत असे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, अधिकृत सेवा केंद्रांचे जाळे पसरले, आणि पुढे इंधनपुरवठ्याचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर दोषाचे निदान कंपनीच्या स्कॅनरखेरीज अवघड होऊन बसले. गाड्या सुधारल्या यात शंका नाही; परंतु इंजिनाविषयीचे ज्ञान गल्लीतून उठून काचेच्या पलीकडे गेले, जिथे ‘ग्राहकांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते.

दरम्यान ग्राहकांची बाजू संघटित होत होती आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तर १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९६९च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यात १९८४च्या दुरुस्तीने ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ही संकल्पना आली. पुरेशा चाचणीचा आधार नसताना टिकाऊपणाची हमी देणे हा तिचा एक प्रकार होता आणि चाचणी केली होती हे दाखवण्याची जबाबदारी हमी देणाऱ्यावर होती. पुराव्याचे ओझे हलल्याची ही पहिली ठळक खूण म्हणावी लागेल. २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने हीच संकल्पना उचलली आणि वस्तूतील ‘दोष’ व सेवेतील ‘त्रुटी’ या दोन्हींसाठी जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत स्वतंत्र मंच उभे केले.

तरीही इंजिनाच्या तक्रारी अडत राहिल्या त्या कलम १३(१)(क)पाशी. परीक्षणाशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, असे ते कलम सांगत होते. त्यावरून तज्ज्ञाचा अहवाल नसेल तर उत्पादनातील दोष सिद्ध झाला नाही, असे युक्तिवाद वर्षानुवर्षे होत आले. आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्यावरचे हेड यांमधला सांधा गळू न देणारा थर, जळाले म्हणून बदलले, पण सिलिंडर हेडचा पृष्ठभाग वाकला आहे का हे पट्टी लावून तपासले नाही, तर नवे गॅस्केटही टिकत नाही आणि कूलंट पुन्हा गळू लागते. जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार व केलेले काम टिपणाऱ्या वर्कशॉपच्या कागदावर, मात्र ग्राहकाची तक्रार ‘गाडी तापते’ एवढ्या दोन शब्दांत उतरते आणि शेवटी ‘तपासले, ठीक आहे’ असा शिक्का बसतो. दुसऱ्यांदा इंजिन खोलताना जुने भाग भंगारात गेलेले असतात, आणि मग तज्ज्ञाने तपासायचे तरी काय? म्हणूनच ओळीने जोडलेली जॉब कार्डे, म्हणजे एकाच तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा झालेल्या खेपांची नोंद, हा अशा प्रकरणांत ग्राहकाच्या हाती उरणारा मुख्य पुरावा ठरला.

दोष सिद्ध झाला तरी मिळणार काय, हा पुढचा प्रश्न. सदोष गाडी नवी म्हणून विकली जाणे लाजिरवाणे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात स्पष्ट सुनावले. मात्र २००६मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात, जिथे तक्रार क्लचची होती, त्याच न्यायालयाने वॉरंटीच्या अटीत सदोष भाग बदलून देण्याचे बंधन आहे, अख्खी गाडी बदलून देण्याचे नाही, असा अर्थ लावला. तेव्हापासून कंपन्यांचे वकील हा निकाल विसरलेले नाहीत.

जबाबदारी कोणाची, यावरही टोलवाटोलवी चालते. डीलर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी म्हणते की डीलर आमचा हस्तक नव्हे, आमच्यात दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा व्यवहार आहे. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ची गाडी म्हणून २००९ची गाडी दिली गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये हा युक्तिवाद मान्य करून टाटा मोटर्सला जबाबदारीतून मुक्त केले, कारण डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवले गेले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे. पण शोरूमच्या दारावर कंपनीचेच नाव वाचून आत शिरणाऱ्या ग्राहकाला हा भेद आधी कोण सांगतो?

वॉरंटी नाकारण्याचे आणखी एक ठरलेले कारण म्हणजे बाहेरच्या गॅरेजमध्ये केलेले काम. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ठरावीक कंपनीचाच सुटा भाग किंवा सेवा विकत घेण्याची अट वॉरंटीला जोडण्यास सर्वसाधारण मनाई केली. आपल्याकडे हाच मुद्दा भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४च्या आदेशात आला. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दल १४ मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला, आणि स्वतंत्र गॅरेजकडे गेल्याच्या एकमेव कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही बजावले गेले. बिघाड त्या बाहेरच्या कामामुळेच झाला असेल तर गोष्ट वेगळी. या आदेशाविरुद्ध कंपन्यांनी अपिले केली.

२० जुलै २०२०पासून लागू होऊ लागलेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या किंवा कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याची सोय दिली. तक्रारीची मुदत पूर्वीप्रमाणेच कारण घडल्यापासून दोन वर्षांची राहिली. त्यातील उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या जबाबदारीच्या, प्रकरणाचा गाजावाजा बराच झाला, परंतु बिघडलेल्या इंजिनाच्या मालकाने त्यावर फार विसंबू नये, कारण ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळलेले आहे. अपघातात एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात २०२२मध्ये ह्युंदाईविरुद्ध निकाल देताना, ग्राहक हा टकरीच्या वेगाचे गणित मांडणारा भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ असणे अपेक्षित नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. इंजिनाच्या वादात मात्र आधार पुन्हा ‘दोष’ आणि ‘त्रुटी’ यांचाच घ्यावा लागतो. त्यातल्या त्यात नव्या कायद्याने ‘त्रुटी’च्या व्याख्येत संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवण्याचाही समावेश केला आहे, आणि इंजिन उघडल्यावर काय आढळले याची नोंद ग्राहकाला न देणाऱ्या वर्कशॉपविरुद्ध ही तरतूद वापरता येण्यासारखी आहे.