चिप मशीनचे पार्ट एक्स्पोर्ट करताय? स्कोमेट परवानगी कोणाला लागते, कशी काढायची

चिप बनवायच्या मशीनसाठी गेज, व्हॉल्व्ह किंवा अख्खं चेंबर बाहेर पाठवायची ऑर्डर आली असेल तर आधी स्कोमेट लिस्ट उघडा, माल पॅक होऊन कस्टमला अडकला की मग धावाधाव करून उपयोग नसतो. स्कोमेट म्हणजे डीजीएफटीची (परदेशी व्यापार बघणारं केंद्र सरकारचं खातं) कंट्रोल्ड वस्तूंची यादी, त्यातली वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर जात नाही, गिऱ्हाईक जपानचं असो नाहीतर चीनचं. भारत डिसेंबर 2017 मध्ये वासेनार गटात (शस्त्रं आणि संवेदनशील मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांचा गट) गेला, त्या गटाच्या दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामाला चालणाऱ्या, वस्तू आपल्याकडे कॅटेगरी 8 मध्ये आहेत आणि चिप बनवायची नि टेस्ट करायची मशीनं 8बी3 खाली बघायची.

पण फक्त तेवढंच बघून थांबू नका, आणि एचएस कोड (कस्टमचा मालाच्या वर्गीकरणाचा नंबर) फ्री आहे म्हणून सीएचए (कस्टमचं काम करणारा एजंट) "जाऊ द्या" म्हणाला तरी ऐकू नका. स्कोमेट चालतं स्पेसिफिकेशनवर. एचिंग किंवा सीव्हीडी (चिपवरचा थर कोरायच्या किंवा चढवायच्या) चेंबरवर बसणारं कपॅसिटन्स मॅनोमीटर घ्या, दिसायला साधं प्रेशर गेज, पण तेच युरेनियम एनरिचमेंटलाही वापरतात म्हणून ते अणुसंबंधित कॅटेगरी 4 मध्ये बसू शकतं. सेन्सिंग एलिमेंट ॲल्युमिनियमचं की निकेल अलॉयचं, फुल स्केल (गेज मोजू शकतं तो जास्तीत जास्त दाब) 13 किलोपास्कलच्या खाली आहे का, ॲक्युरसी एक टक्क्यापेक्षा चांगली आहे का, हे डेटाशीटवरून एकेक ताडून बघावं लागतं. अशीच अमेरिकन गेजेस खोट्या एंड यूजरच्या (माल शेवटी वापरणाऱ्याच्या) नावावर चीनमध्ये नेल्याच्या केसमध्ये 2012 साली अमेरिकेत अटक झाली होती, त्यामुळे हे नियम उगाच नाहीयेत.

अर्ज कोणीही आयईसी (डीजीएफटीचा इम्पोर्ट-एक्स्पोर्ट कोड) असलेला एक्स्पोर्टर करू शकतो, छोटं युनिट असलं तरी चालतं. फक्त आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये अपडेट केलेला हवा (बदल काहीच नसला तरी कन्फर्म करावं लागतं, हे खूप जण विसरतात) आणि कंपनीचं नाव डीजीएफटीच्या डिनाइड एन्टिटी लिस्टमध्ये (परवानग्या अडवलेल्या कंपन्यांची यादी) नको.

अर्ज ऑनलाइनच, डीजीएफटीच्या पोर्टलवर. सोबत परचेस ऑर्डर, टेक्निकल स्पेसिफिकेशन आणि एंड यूज सर्टिफिकेट म्हणजे ईयूसी, माल शेवटी कोण नि कशासाठी वापरणार याचं लेखी पत्र. बहुतेक वेळ ईयूसीतच जातो. मधला ट्रेडर असेल, कन्सायनी (माल ज्याच्या नावावर पोचतो तो) वेगळा असेल, तर एकट्या एंड यूजरची सही पुरत नाही, साखळीतल्या सगळ्यांची डिक्लरेशन लागतात, प्रत्येकाच्या लेटरहेडवर. पीओ नंबर, तारीख, क्वांटिटी, पत्ता सगळीकडे अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे. "फॉर इंडस्ट्रियल यूज" एवढंच लिहून आणलं तर क्वेरी येणारच, कुठल्या फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात), कुठल्या मशीनवर, कुठल्या प्रोसेससाठी हे गिऱ्हाइकाकडून नीट लिहून घ्या, तो कंटाळला तरी मागे लागा.

निर्णय पुण्याच्या ऑफिसात होत नाही, दिल्लीला वेगवेगळ्या मंत्रालयांची एक कमिटी आहे, आयएमडब्ल्यूजी, ती एंड यूजर खरा आहे का, माल मधेच दुसरीकडे वळायची शक्यता किती, हे बघते. म्हणून डिलिव्हरीची तारीख कबूल करताना हातात भरपूर वेळ ठेवा. क्वेरी आली की लगेच उत्तर द्या, नाहीतर फाइल तिथेच पडून राहते. परवानगी 24 महिने चालते, रेकॉर्ड पाच वर्षं जपायचं.

ड्रॉइंग ईमेल केलं तरी कंट्रोल्ड टेक्नॉलॉजीचं एक्स्पोर्टच धरतात, हे डिझाइनवाल्या पोरांना आजच सांगून ठेवा. विनापरवाना पाठवल्यास मालाच्या किमतीच्या अनेक पट दंड होऊ शकतो, आयईसीही जाऊ शकतो.

रिपेअरसाठी भारतात आलेला माल परत पाठवायचा असेल तर जीएईआर नावाची वेगळी जनरल परवानगी आहे, तुमचा आयटम त्यात बसतो का ते आधी बघा.

आणि तुमच्या असेंब्लीत अमेरिकन पार्ट असेल तर आपली परवानगी मिळूनही अमेरिकेच्या बीआयएसची (तिथलं एक्स्पोर्ट कंट्रोल बघणारं खातं) री-एक्स्पोर्ट परवानगी लागू शकते, खास करून माल चीनच्या फॅबला जाणार असेल तर, कारण 7 ऑक्टोबर 2022 पासून अमेरिकेचे नियम खूप कडक झालेत. सप्लायरकडून पार्टचा ईसीसीएन नंबर (अमेरिकेचा एक्स्पोर्ट कंट्रोलचा वर्गीकरण नंबर) खरेदीच्या वेळीच लेखी मागून घ्या.