अटलांटिकमधील व्यापारी काफिले (१९३९–१९४५)

दुसऱ्या महायुद्धात उत्तर अमेरिकेतून ब्रिटनकडे धान्य, तेल, पोलाद, लाकूड आणि दारूगोळा नेणारी मालवाहू जहाजे एकेकटी न सोडता गटागटाने, युद्धनौकांच्या पहाऱ्यात नेण्याची पद्धत. पद्धत जुनीच. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१७ या एकाच महिन्यात ८ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली, तेव्हा ब्रिटिश नौदलाने ती काहीशा नाइलाजाने स्वीकारली आणि नुकसान झपाट्याने उतरले. त्यामुळे ३ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध पुकारले त्याच दिवशी, ‘अथेनिया’ हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले तेव्हा फार खल झाला नाही. त्याच महिन्यात कॅनडातील हॅलिफॅक्सहून पहिला काफिला निघाला.

काफिल्याला तोफांनी वाचवले असे सहज वाटते. प्रत्यक्षात त्याचा मोठा आधार होता तो शत्रूला न सापडण्याचा. चाळीस जहाजे समुद्रभर विखुरली तर पाणबुडीला आज ना उद्या एखादे दिसतेच. तीच एकत्र चालली तर एवढ्या महासागरात तो अख्खा घोळका एका जहाजाहून फारसा सोपा सापडत नाही, आणि बाकीचा समुद्र रिकामा राहतो.

काफिल्याची मांडणी लांबट नसे, आडवी असे. चार-पाच जहाजांची एक रांग, अशा आठ-दहा रांगा शेजारी-शेजारी, आणि दोन रांगांत साधारण एक हजार यार्ड. पाणबुडी बहुधा बाजूने नेम धरी, म्हणून बाजू आखूड ठेवत. प्रत्येक जहाजाला क्रमांक असे: ५३ म्हणजे पाचव्या रांगेतले तिसरे. तेलवाहू आणि दारूगोळ्याची जहाजे आतल्या रांगांत. काफिल्याचा कमोडोर बहुधा निवृत्त नौदल अधिकारी असे; तो एका मालवाहू जहाजावरून निशाणांच्या खुणांनी हुकूम देई. पहारा देणाऱ्या युद्धनौकांचा प्रमुख वेगळा. हॅलिफॅक्सहून निघणारे ‘एचएक्स’ काफिले त्यातल्या त्यात वेगवान. केप ब्रेटनच्या सिडनी बंदरातून निघणाऱ्या ‘एससी’ काफिल्यांत मात्र जुनी, धूर ओकणारी, ताशी आठ नॉटही जेमतेम गाठणारी जहाजे असत.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि लोरियां, ब्रेस्ट, सेंट नाझेर ही बंदरे जर्मनांच्या हाती आली. आता पाणबुड्यांना ब्रिटनला वळसा घालून अटलांटिकमध्ये उतरावे लागत नव्हते. त्यांचा प्रमुख कार्ल डनिट्झ याने झुंडीने हल्ला करण्याचे तंत्र वापरायला घेतले. काफिला दिसला की पहिल्या पाणबुडीने लगेच तुटून पडायचे नाही, मागावर राहून बिनतारी संदेश द्यायचे. बाकीच्या जमल्या की रात्री एकदम हल्ला, तोही पाण्यावर राहून. पाण्याखाली पाणबुडी ताशी साडेसात नॉटच्या आसपास रखडे, पाण्यावर मात्र सतरा नॉट पळे. शिवाय ब्रिटिशांचा भरवसा होता त्या ‘ॲस्डिक’ या ध्वनियंत्राला पाण्यावरची पाणबुडी कळतच नसे.

याचा पहिला जबर तडाखा एससी-७ या काफिल्याला बसला. ५ ऑक्टोबर १९४० रोजी ३५ जहाजे सिडनीहून निघाली. त्यांत अमेरिकेच्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत चालण्यासाठी बांधलेली जहाजेही होती. सोबतीला ‘स्कारबरो’ ही एकुलती एक लहान युद्धनौका. वादळात काही जहाजे मागे पडली. त्यांतली ‘ट्रेव्हिसा’ पहिली गेली. १७ तारखेला यू-४८ या जर्मन पाणबुडीने दोन जहाजे टिपली. स्कारबरो तिच्या मागे लागली, आणि तिच्या पाठलागात इतकी दूर राहिली की पुन्हा काफिल्याला येऊन मिळालीच नाही. तोवर ब्रिटनकडून मदतीला आलेल्या नौकांनी एकमेकींबरोबर कधी कामच केलेले नव्हते. १८ च्या रात्री झुंड जमली. ऑटो क्रेट्श्मरची यू-९९ सरळ रांगांच्या मधल्या पट्ट्यात घुसली आणि दोन्हीकडची जहाजे टिपत राहिली. लोहखनिज भरलेली जहाजे मिनिटा-दोन मिनिटांत तळाला जात. लाकूड भरलेली मात्र भोक पडूनही तरंगत. कमोडोर मॅकिनन यांचे ‘असीरियन’ही बुडाले, त्यांना पाण्यातून काढावे लागले. ‘ब्लूबेल’ ही चिमुकली कॉर्व्हेट (पहाऱ्याची लहान युद्धनौका) लढण्याऐवजी माणसे उचलण्यातच गुंतली. ३५ पैकी २० जहाजे गेली. पुढच्याच रात्री मागून येणाऱ्या एचएक्स-७९ ची १२ बुडाली.

उपाय हळूहळू सापडले. पाण्यावरची पाणबुडी दाखवणारे आखूड लहरींचे रडार, तिच्या संदेशाची दिशा सांगणारे यंत्र, दूर पल्ल्याची लिबरेटर विमाने. लिव्हरपूलमध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली नौदलाच्या महिला दलातल्या तरुणी जमिनीवर खडूने काफिले आखून खऱ्या कप्तानांना डाव शिकवत. कप्तान पडद्याआड बसून फटीतून तेवढेच पाहत, जेवढे समुद्रावर त्यांना दिसले असते. ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश उलगडून काफिले पाणबुड्यांना चुकवून वळवले जात. हा खेळ एकतर्फी नव्हता, जर्मनही बराच काळ ब्रिटिश काफिल्यांचे संदेश वाचत होते. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने आकडेमोड करून दाखवले की काफिला मोठा केला तर जहाजे वाढतात त्या मानाने राखायचा परीघ फारसा वाढत नाही. (हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर नेहरूंचे संरक्षण-विज्ञानाचे सल्लागार होते.)

मार्च १९४३ मध्ये एससी-१२२ आणि एचएक्स-२२९ या दोन काफिल्यांची मिळून २२ जहाजे बुडाली. दोनच महिन्यांनी चित्र उलटले. मे महिन्यात जर्मनीने चाळीसहून अधिक पाणबुड्या गमावल्या, त्यांतल्या एकीवर डनिट्झचा धाकटा मुलगा होता. २४ मे रोजी डनिट्झने उत्तर अटलांटिकमधून पाणबुड्या मागे घेतल्या.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी जवळपास चौथा हिस्सा ‘लास्कर’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या, मुख्यतः हिंदी खलाशांचा होता, आणि या इतिहासात त्यांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. मुंबईत भरती होणाऱ्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, सारंग (खलाशांचा मुकादम) आणि तांडेल (त्याचा दुय्यम) यांच्या हाताखाली. इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण. भटारखान्यात व टेबलावर गोव्याचे ख्रिस्ती, जे दोन सफरींच्या मध्ये धोबीतलावच्या आपापल्या गावच्या कुडात (गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात) उतरत. गंमत अशी की गोवेकर हे तटस्थ पोर्तुगालचे प्रजाजन होते, तरी पाणतीर (टॉर्पेडो) त्यांनाही तेवढेच लागत. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. १९३९ च्या शरदात या खलाशांनी ब्रिटनपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या बंदरांत संप केले, अनेकांनी तुरुंग पत्करला, आणि पगारवाढ मिळवली.

‘सिटी ऑफ बनारस’ची कथा ब्रिटनमध्ये लहान मुलांची शोकांतिका म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेही. बॉम्बहल्ल्यांपासून दूर म्हणून कॅनडाला पाठवलेल्या ९० मुलांपैकी ७७ दगावली. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री यू-४८ ने हे जहाज बुडवले तेव्हा सोबतची युद्धनौका ठरलेल्या हद्दीवरून परत फिरली होती. पण शंभराहून अधिक हिंदी खलाशीही त्यात गेले. आठ दिवस भरकटून वाचलेल्या १२ क्रमांकाच्या बोटीत बहुसंख्य तेच होते. युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. त्यांची नावे मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आणि चितगावात जतन केलेल्या नोंदींत आहेत.

ब्रिटन खरोखर उपासमारीच्या काठावर होते का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. पाणबुड्यांच्या संकटाचीच आपल्याला खरी धास्ती होती, असे चर्चिल यांनी नंतर लिहिले. उलट बाजूने दाखवले जाते की बहुतेक काफिल्यांवर कधी हल्लाच झाला नाही, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात दीडशेहून अधिक जहाजांचा एचएक्सएस-३०० हा सर्वांत मोठा काफिला एकही जहाज न गमावता पोचला. जर्मन बाजूचा हिशेब मात्र वादातीत आहे: पाणबुड्यांवर गेलेल्या दर चार जणांपैकी जवळपास तिघे परतले नाहीत.